चौथीतून ‘प्रज्ञा वर्गा’साठी मुलं निवडतात ती नेमकी कशी? (नाशिक)

गोदाकाठची_मीनल

नमस्कार मंडळी. मुलगी चौथीत आहे, इंदिरानगर भागातली अनुदानित मराठी शाळा. शाळेचं नाव लिहीत नाही. कुणी ओळखलं तरी कृपया इथे टाकू नका, अजून सहा वर्षं तिथेच काढायची आहेत.

परवा दप्तरातून चिठ्ठी आली. पुढच्या वर्षी पाचवीची एक तुकडी ‘विशेष प्रज्ञा वर्ग’ म्हणून वेगळी काढणार. दोन्ही सत्रांत अ-१ श्रेणी हवी, वर्गशिक्षिकेची शिफारस हवी, आणि ही दोन्ही असतील त्यांचीच मग ‘अभियोग्यता चाचणी’. फी अर्थातच वेगळी.

आमची बाई अ-२ मध्ये. वह्या अपूर्ण, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण हिनेच कालनिर्णय उलटंपालटं करून शोधून काढलं की १ जानेवारीला जो वार असतो तोच ३१ डिसेंबरला येतो, आणि लीप वर्षात एक वार पुढे सरकतो. आता घरातल्या सगळ्यांचे येत्या पाच वर्षांचे वाढदिवस कोणत्या वारी ते गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून तयार आहे. पुढच्या पानांवर गृहपाठ अर्धा.

माझी मुलगी फार मोठी बुद्धिमान आहे असा दावा नाही. पण तिला चाचणीला बसूच न देता ‘नाही’ म्हणणं पटत नाही. बाकी ठिकाणी निवड कशी करतात? शाळेत जाऊन बोलायचं तर काय बोलू?

अंबडकर

ताई, आधी हे विचारा की त्या वर्गात शिकवणार काय. माझ्या पुतण्याच्या शाळेत असाच वर्ग निघाला होता. आत गेल्यावर कळलं, सहावीपासून आयआयटी फाउंडेशनची पुस्तकं आणि दर रविवारी टेस्ट. ‘प्रज्ञा’ फक्त दाराच्या पाटीवर.

पांडवलेणी_पायथा

+१. फीचा आकडा सांगा, म्हणजे प्रज्ञा किती ते कळेल.

समुपदेशक_ताई

मी शहरातल्या दोन शाळांत समुपदेशक म्हणून जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अंबडकरांचा प्रश्न थट्टेवारी नेऊ नका. पुढचं गणित शिकवायला वर्ग काढत असाल तर गणिताची जाण बघा; कार्यानुभवात अ-१ आहे का याच्याशी काय देणंघेणं? कशासाठी निवडतोय हेच ठरलेलं नसलं की शाळा हाताशी असलेली प्रगतिपुस्तकं काढते. ती मुलगी नीटनेटकी आहे, वेळेवर वही देते, उलट बोलत नाही, एवढंच त्यातून भरवशाने कळतं.

निवडीचे साधारण दोन टप्पे असतात. पहिल्यात नावं पुढे येतात, दुसऱ्यात चाचणी होते. पालक भांडतात चाचणीवरून, पण मुलं गळतात ती पहिल्याच टप्प्यात. कारण ज्याचं नाव आलंच नाही त्याच्यासाठी चाचणी कितीही चांगली असली तरी उपयोग शून्य.

जुनं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये अतिबुद्धिमान मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. शिक्षकांना विचारलं, वर्गातली सगळ्यात हुशार मुलं कोण, आणि वयाने सगळ्यात लहान कोण. नंतर त्यांच्या लक्षात आलं की शिक्षकांच्या ‘सगळ्यात हुशार’पेक्षा ‘सगळ्यात लहान’ हा निकषच बरा चालला, कारण तेव्हा चुणचुणीत पोराला एक इयत्ता पुढे बसवायची पद्धत होती. आणि चाचणीही काही देववाणी नव्हे. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं त्याच चाचणीत कमी पडली म्हणून अभ्यासात घेतली गेली नाहीत. पुढे दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्या सुमारे दीड हजारांत नोबेल एकालाही नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त कामाचं वाटतं. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत आधी शिक्षक किंवा पालक सुचवतील त्याच मुलांची आयक्यू चाचणी व्हायची. २००५ च्या सुमारास त्यांनी दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांना एक छोटी आकृत्यांची चाचणी दिली, जिला भाषा लागत नाही. त्यात चमकलेल्यांचीच पुढे मानसशास्त्रज्ञाकडून पूर्ण तपासणी. पात्रतेचे आकडे होते तेच ठेवले. तरीही गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली निवडलेली मुलं खूप वाढली. म्हणजे ती आधीपासून तिथेच बसलेली होती, कुणी नाव घेत नव्हतं. पुढे पैशांच्या कपातीत सरसकट चाचणी बंद झाली आणि आकडे परत खाली आले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी हे सगळं मांडलं आहे.

आता आयक्यू. सरासरी १००, आणि १३० च्या वर साधारण शंभरात दोन मुलं. म्हणून बऱ्याच ठिकाणी १३० ची रेघ. पण त्याच मुलाची चाचणी दुसऱ्या दिवशी घेतली तर चार-पाच गुण सहज इकडे-तिकडे होतात. १२८ वाला बाहेर आणि १३१ वाला आत, याला शास्त्र म्हणत नाहीत, सोय म्हणतात. आपल्याकडे बिने-कामत चाचणी आहे, डॉ. कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली. आकृत्यांची रेव्हन चाचणीही वापरतात. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी १९६२ पासून या कामात आहे, १९६९ पासून त्यांची प्रशाला आहे. त्यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या मांडणीवर बुद्धीचे वेगवेगळे पैलू तपासणाऱ्या चाचण्या तयार केल्या. एका आकड्यावर पोरगं तोलायचं नाही, हा त्यामागचा विचार.

मीनलताई, शाळेला एवढंच विचारा: ‘अभियोग्यता चाचणी’ कोणती, कुणी तयार केली, कोण घेणार? मागच्या आठवड्यात गाइडमधून उतरवलेले ५० प्रश्न असतील तर त्याला प्रश्नपत्रिका म्हणायचं, चाचणी नाही.

निवृत्त_गुरुजी_दिंडोरी

जिल्हा परिषद शाळांत उभा जन्म गेला. आधी पेठ, मग दिंडोरी. ताईंनी परदेशातलं सांगितलं, मी आपल्या जिल्ह्यातलं सांगतो.

सरकारी खात्यात ‘हुशार मूल शोधा’ म्हणजे परीक्षा. शिष्यवृत्तीची परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असायची, मग पाचवी-आठवीला नेली, आता परत चौथी-सातवीला आणायचं ठरलं. दोन पेपर, दीडशे-दीडशे मार्कांचे. एकात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. सहावीसाठी नवोदय, आपल्या जिल्ह्याचं खेडगावला. तिथे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, त्यातले निम्मे मानसिक क्षमतेचे. एका मुलाला आयुष्यात एकदाच बसता येतं. आठवीला एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा: पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, निवड झाली तर नववीपासून वर्षाला १२ हजार. आदिवासी मुलांना एकलव्य शाळा. दहावीनंतर जिल्हा परिषदेचं सुपर फिफ्टी, निवडक मुलांना प्रवेश परीक्षांची मोफत तयारी.

कागदावर भरपूर आहे. पण फॉर्म कोण भरतो ते बघा. आमच्याकडे ऑक्टोबरला द्राक्षाची छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात, पोरं बरोबर. त्याच दिवसांत कुठला ना कुठला फॉर्म निघालेला असतो. फोटो हवा, आधार हवं, जातीचा दाखला हवा, बापाची सही हवी, आणि बाप पिंपळगावला कात्री घेऊन वेलीखाली. हेडमास्तर धडपड्या असेल तर बागेवर जाऊन अंगठा आणतो. नसेल तर ‘विद्यार्थी गैरहजर’ एवढा शेरा, विषय संपला. ते पोर हुशार होतं की नव्हतं, हा प्रश्नच कुणी विचारला नाही.

एक मुलगी सांगतो, नाव नाही सांगत. बुद्धिमत्तेच्या पेपरात आरशातल्या घड्याळाचा प्रश्न असतो. आरशात ४:२० दिसतात, खरे किती वाजले? क्लासची पोरं डोळे मिटून ११:६० मधून वजा करतात, ७:४०, पुढचा प्रश्न. या मुलीला ती युक्ती कुणी दिलेलीच नव्हती. तिने कागदावर घड्याळ काढलं, काटे दाखवले, कागद उलटा करून खिडकीच्या उजेडाला धरला आणि मागून वाचलं. सात चाळीस. मी म्हटलं पुढचं सोडव, तर म्हणे गुरुजी, थांबा, नऊ वाजता आरशात तीन दिसतात आणि सहाला सहाच, मग अजून कधी सारखं दिसतं ते बघते. त्या एका प्रश्नावर तिचा अर्धा तास गेला. पेपरात तिला पास होण्यापुरते मार्क पडले, यादीत नाव नाही.

आता सांगा, दोघांत वर्गाला कोण हवं?

क्लास_वाला_सिडको

गुरुजींचा मान ठेवून बोलतो. सगळं खापर क्लासवर फोडायची फॅशन झालीय. माझ्याकडे सिडको-सातपूरची मुलं येतात, बाप कंपनीत कंत्राटी, आई घरी शिवणकाम करते. यांना ११:६० ची युक्ती कुणी सांगायची? गंगापूर रोडच्या पोराला घरातच इंजिनिअर काका असतो. परीक्षेला ठरावीक साचा आहे, तो साचा मी शिकवतो. शिकवला नाही तर काकावाला पुढे जाईल, खिडकीत कागद धरणारी नाही.

आणि शिफारशीचं म्हणाल तर परीक्षेत निदान नावाच्या जागी नंबर असतो. शिक्षिकेच्या मनातल्या यादीत आडनाव असतं.

निवृत्त_गुरुजी_दिंडोरी

आडनावाचं खरं बोललात. त्यावर माझा वाद नाही. खात्यात राहून डोळ्यांनी बघितलंय.

समुपदेशक_ताई

क्लासवाले दादा, तुमचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. साचा शिकवला की चाचणी बुद्धी मोजायची थांबते आणि सराव मोजते. मग सराव सगळ्यांना द्या. बऱ्याच आयक्यू चाचण्यांत सुरुवातीला नमुन्याचे प्रश्न समजावून सोडवून घेतात ते याचसाठी, की प्रश्नाचं तोंड न पाहिल्यामुळे कुणी मागे पडू नये.

शिक्षकांची शिफारस पूर्ण टाकाऊ नसते, हेही सांगते. ‘तुमच्या वर्गातले हुशार कोण?’ असा मोघम प्रश्न दिला की टाकाऊ ठरते. त्याऐवजी नेमकं विचारा. कोण वेगळीच रीत लावून उत्तर काढतं? कोण विषय संपल्यावरही प्रश्न घेऊन येतं? कुणाचं तोंडी फार चांगलं आणि लेखी फार वाईट? या शेवटच्या प्रश्नाला वाचन-लेखनाची अडचण असलेली कितीतरी पोरं सापडतात. डोकं तल्लख, अक्षरं उलटीपालटी. दोन्ही एकमेकांना झाकतात आणि मूल ‘ठीकठाक’ म्हणून बाकावर राहतं. मीनलताई, अक्षर आणि अपूर्ण वह्या म्हणालात म्हणून सांगते, एकदा दाखवून घ्या. घाबरायचं काही नाही.

नाशिकरोड_ते_सिंगापूर

सगळ्या मुलांची चाचणी घेतली म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका. इथे सिंगापूरला १९८४ पासून तेच होतं. तिसरीच्या मुलांची दोन फेऱ्यांत परीक्षा, वरचे साधारण एक टक्का निवडून नऊ शाळांत वेगळ्या वर्गात. झालं काय? त्या परीक्षेचेच क्लास निघाले, पोरं दुसरीपासून तिथे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलं की ही योजना या रूपात बंद. आता प्रत्येक प्राथमिक शाळा आपापल्या मुलांतून निवडणार आणि आपल्याच शाळेत शिकवणार.

बाकी इथे मिसळ मिळते पण ती मिसळ नाही, हा वेगळा धागा होईल.

पांडवलेणी_पायथा

काढा धागा. पण कोणत्या मिसळीचं नाव घेणार ते आधी सांगा, नाहीतर तिथेही निवड समिती बसेल.

आकडेमोड

विषयावर येतो. मीनलताईंच्या शाळेच्या निकषांत एक शब्द घात करतोय: ‘आणि’. अ-१ आणि शिफारस आणि चाचणी.

समजा वर्गाला खरोखर लायक अशी १०० मुलं आहेत. कुठलाच निकष अचूक नसतो, धरू की प्रत्येक निकष त्यातली ८० टक्के बरोबर ओळखतो. हे मी भलतंच उदार होऊन धरलंय. पहिल्यातून ८० गेली, दुसऱ्यातून ६४, तिसऱ्यातून ५१. म्हणजे तीन बरे निकष एकापुढे एक लावून निम्मी मुलं बाहेर. निकषांचा एकमेकांशी संबंध असतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी गळतील, पण दिशा हीच. शाळेला वाटतं जास्त अटी म्हणजे जास्त काटेकोर निवड. तशी ती आहेच, पण गाळायला काटेकोर. शोधायला नाही.

‘आणि’च्या जागी ‘किंवा’ घाला. अ-१ असेल किंवा शिफारस असेल किंवा पालकांनी कळवलं असेल, त्या सगळ्यांना चाचणी. गर्दी वाढेल, काही चुकीची मुलंही येतील, ती चाचणीत कळतील. पहिल्या टप्प्यात जाळं मोठं टाकायचं, घट्ट करायचं ते शेवटी. शाळा नेमकं उलटं करतात, कारण चाचणीला पैसे लागतात आणि प्रगतिपुस्तक फुकट आहे.

दुसरं म्हणजे वय. पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. त्यामुळे एकाच वर्गात जानेवारीचं मूल आणि डिसेंबरचं मूल यांत अकरा महिन्यांचा फरक. दहाव्या वर्षी अकरा महिने ही थोडीथोडकी गोष्ट नाही. प्रमाणित आयक्यू चाचणीत गुण वयाप्रमाणे काढतात. श्रेणीत आणि शिफारशीत वय कुणी बघत नाही.

गोदाकाठची_मीनल

माझी नोव्हेंबरची. हे डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, उद्या मुख्याध्यापक वेळ देणार आहेत. जाऊन आले की लिहिते.

सातपूरची_आई

उलट बाजू सांगू का? माझा मुलगा अशा वर्गात निवडला गेला होता. पहिले दोन महिने घरात पेढे-बिढे. नंतर एका चाचणीत मागे पडला तर त्याला विचारण्यात आलं, ‘तू नक्की इथलाच ना?’ रात्री झोपेत दात खायचा. एकदा आत घेतलेल्याला दरवर्षी तोलत बसायचं की नाही, हेही विचारून या. आणि जे आत नाहीत त्यांना सहावीत पुन्हा संधी आहे का? नऊ-दहाव्या वर्षी एकदाच दार उघडून कायमचं लावायचं, हे काही बरं नाही.

समुपदेशक_ताई

सातपूरताईंचा मुद्दा लाख मोलाचा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलं होतं की सरासरीपेक्षा बरी क्षमता, सर्जनशीलता आणि कामाला चिकटून राहणं, ही तिन्ही जुळतात तेव्हा मूल काहीतरी करून दाखवतं. त्यातली चिकाटी मुलाला त्याच्या आवडीचं काम दिल्यावरच दिसते. म्हणून ते शाळेतली वरची १५-२० टक्के मुलं सैल हाताने घ्या म्हणायचे, काम द्या, आणि कोण रमतं ते बघा. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष गती असलेल्या मुलांसाठी विषयवार आणि प्रकल्पांची मंडळं काढा असंच म्हटलंय. वेगळी तुकडी काढायलाच हवी असं नाही.

अंबडकर

मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा मला त्यातल्या त्यात बरी वाटते. सहावी आणि नववीला असते. लेखीनंतर प्रात्यक्षिक, मग स्वतः केलेला प्रकल्प आणि मुलाखत. प्रकल्पसुद्धा आयते विकत मिळतात म्हणा.

गोदाकाठची_मीनल

जाऊन आले. मुख्याध्यापक चांगले बोलले, वाद झाला नाही. विचारलं, वर्गात वेगळं काय? म्हणाले गणित-विज्ञानाचे जादा तास आणि स्पर्धा परीक्षांची तयारी. अंबडकर, तुम्ही जिंकलात. चाचणी कुणाची? एका खासगी संस्थेकडून घेणार, नाव अजून ठरलेलं नाही. शिफारशीच्या फॉर्मवर मुलाचं नाव आणि ‘हो / नाही’ एवढंच आहे, मी स्वतः पाहिला. पुढच्या वर्षी पुन्हा संधी का, यावर ‘विचार करू’.

आकडेमोड यांचा ८०-६४-५१ चा हिशोब कागदावर करून दाखवला. सरांनी कागद ठेवून घेतला. शेवटी म्हणाले, ठीक आहे, अ-१ ची अट सैल करू, इच्छुक पालकांनी अर्ज दिला तर त्या मुलालाही बसू देऊ.

निवृत्त_गुरुजी_दिंडोरी

‘इच्छुक’ म्हणजे परत फॉर्मच की हो. ज्या आईला चिठ्ठी वाचता येत नाही ती इच्छुक कशी होणार? चौथीच्या सगळ्या तुकड्यांना शाळेच्या वेळेत, आपल्याच बाकावर बसवून चाचणी घ्या म्हणावं. एक तासाचं काम आहे.

गोदाकाठची_मीनल

गुरुजी, हेच म्हटलं. सर म्हणाले, सगळ्यांचा खर्च कोण देणार, पालकसभेत मांडा. सभा पुढच्या शनिवारी आहे. व्हॅनच्या ग्रुपवर टाकलंय, काही आया येते म्हणाल्या. समुपदेशक ताई, सगळ्या वर्गाला देता येईल अशी आकृत्यांची चाचणी साधारण कितीला पडते, आणि ती घ्यायला तुमच्यासारखं कुणी लागतं का?

समुपदेशक_ताई

गटाला एकत्र देता येणाऱ्या चाचण्या आहेत, प्रत्येक मुलामागे वेगळा माणूस लागत नाही. पुस्तिका पुन्हा वापरता येतात, उत्तरपत्रिका तेवढ्या नव्या. घेणारा आणि गुण लावणारा मात्र प्रशिक्षित हवा. शाळेने पत्र दिलं तर मी एक सकाळ येते, माझं मानधन नको. सभेत तसं सांगा. आणि सभेआधी वर्गशिक्षिकेला भेटा, त्यांना टाळून वर जाऊ नका. त्यांना मी वर लिहिलेले तीन प्रश्न द्या, हो-नाहीच्या फॉर्मऐवजी.

क्लास_वाला_सिडको

सगळ्या मुलांना आधी नमुन्याचे प्रश्न दाखवायचे असतील तर दोन पानं मी छापून देतो, चौथीच्या पूर्ण पटाला. फुकट. क्लासचं नाव टाकणार नाही.

निवृत्त_गुरुजी_दिंडोरी

पानांवर ११:६० देऊ नका म्हणजे झालं.

क्लास_वाला_सिडको

बरं गुरुजी. मीनलताई, पट किती आहे ते कळवा, गुरुवारपर्यंत झेरॉक्स मारतो.